पुरुमेंत : गोव्यातील पावसाळ्याची बेगमी

आपल्याकडे जिला पावसाळ्याची बेगमी म्हणतात तिला गोव्यातील ख्रिस्ती घरांत पुरुमेंत असे नाव आहे. शब्द पोर्तुगीज 'प्रोव्हिमेंतु'वरून आलेला असून त्याचा अर्थ तरतूद एवढाच. नाव परके असले तरी रीत परकी नव्हे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो व त्यातला बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. पूर्वी या दिवसांत नद्या फुगत, होड्या काठाला लागत, पायवाटा पाण्याखाली जात आणि एकेक घर बेटासारखे होऊन बसे. त्या बेटावर माणसे काय खाऊन राहिली व कोणाच्या भरवशावर राहिली, हे जवळून पाहावे अशी इच्छा आम्हाला पुष्कळ दिवसांपासून होती. म्हणून मे महिन्यात आम्ही घाट उतरलो.

या इच्छेला अलीकडे आणखी एक निमित्त झाले होते. रविवारच्या मिस्सेनंतर चर्चच्या आवारात जी चार माणसे थांबतात त्यांच्यात हल्ली एक नवाच विषय निघतो. जग फार दिवस असे चालणार नाही, युद्ध होईल, रोगराई येईल, बँका बुडतील. तेव्हा शहाण्या माणसाने वर्षा-दोन वर्षांचे धान्य, औषधे, इंधन साठवून ठेवावे, जमल्यास दूर डोंगरात जागा घ्यावी, अशी मते तरुण मंडळी मोठ्या आवेशाने मांडतात. अमेरिकेत अशी तयारी करणाऱ्यांना 'प्रेपर' म्हणतात आणि त्यांच्यात पुष्कळ भाविक ख्रिस्ती लोकही आहेत. या मतांत कितपत तथ्य आहे व आपल्या धर्माला त्यातले काय मानवते, याचा विचार घरी बसून करण्यापेक्षा, ज्या ख्रिस्ती लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या खरोखरच साठवून खाल्ले त्यांच्या दारात जाऊन करणे आम्हाला बरे वाटले.

बेळगावहून चोर्ल्याच्या घाटाने उतरताना पहाटे भाजीच्या गाड्या एकामागून एक पुढे दिसतात. कोबी, टोमॅटो, गवार, हिरवी मिरची असा तो माल असतो. पणजी-म्हापशाच्या बाजारात सकाळी मांडलेली बरीचशी भाजी बेळगाव जिल्ह्याच्या मळ्यांतली असते, हे आमच्या वाचकांना सांगायला नकोच. कित्येकांच्या शेतातलाच तो माल. तरी ही गोष्ट लक्षात असू द्यावी, पुढे तिचे काम पडणार आहे.

म्हापशाचा आठवड्याचा बाजार शुक्रवारी भरतो. एप्रिल-मे महिन्यांत त्याला पुरुमेंताचे रूप येते. पास्काच्या सणानंतर सुमारे पंधरवड्याने, सोमवारी, म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीचे, म्हणजे चमत्कारांच्या पवित्र मातेचे फेस्त येते. त्या फेस्ताची जत्रा ही या खरेदीची एक मोठी पर्वणी. या मातेच्या पायांशी हिंदू बांधवही तेल घेऊन येतात. शिरगावची लईराई देवी व ही सायबीण या बहिणी होत, अशी लोकांची समजूत आहे. धर्मशास्त्राच्या दृष्टीने या समजुतीबद्दल काय म्हणावयाचे ते पंडितांनी म्हणावे. मिरची विकणारी हिंदू बाई आणि विकत घेणारी ख्रिस्ती बाई वर्षानुवर्षे एकाच दिवसाची वाट पाहतात, एवढे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आणि मिरची तरी किती तऱ्हेची! हरमलची, खोल्याची, हळदोण्याची. रंगाला वेगळी, तिखटाला वेगळी, लोणच्याला वेगळी. मिरचीच्या ढिगापलीकडे कांद्याच्या वेण्या टांगलेल्या असतात. कांदा पातीसकट गुंफून चुलीवरच्या आढ्याला अडकवतात. धुराने तो कुजत नाही. त्यापुढे चिंचेचे गोळे, आमसुले, माडाच्या गुळाचे काळसर डिखळे, नारळाच्या सुरीपासून केलेले व्हिनेगर, जाडे मीठ. नंतर सुक्या मासळीची रांग लागते, जिचा पत्ता सांगावा लागत नाही. सुकी सुंगटे, खारे बांगडे, मोरीचे तुकडे. सुंगटे भाजून, चुरून, त्यात कांदा, खोबरे व आमसूल घालून केलेली किसमूर आणि उकड्या तांदळाची पेज एवढ्यावर गोव्यातील गरिबाने श्रावणापर्यंतचे दिवस काढले आहेत. आजही १ जून ते ३१ जुलै असे एकसष्ट दिवस यांत्रिक होड्यांच्या मासेमारीला कायद्याने बंदी असते. मासे विणीला लागण्याचा हा काळ. आजोबा ज्या दिवसांत समुद्राच्या भयाने होडी ओढून ठेवीत त्याच दिवसांत नातू सरकारच्या आज्ञेने ठेवतो; सुक्या बांगड्याचे काम दोघांकडेही सारखेच.

मिठाविषयी येथे चार शब्द सांगतो. आयोडीनविरहित मीठ खाण्यासाठी विकण्यास २००६ पासून देशभर बंदी आहे. गलगंड टाळण्यासाठी केलेला हा नियम चांगल्या हेतूचा आहे, यात वाद नाही. परंतु आगरवाडा, नेरुळ, रायबंदर येथील जुन्या मिठागरांना तो आणखी एक धक्का बसला. बाजारातील हे जाडे मीठ आता मासळी खारवण्यास व पावसाच्या तोंडावर माडांच्या मुळांशी घालण्यास जाते. माडाला मीठ घालणारेही आता कमी झाले, असे ते विकणाऱ्या म्हाताऱ्याने सांगितले व लगेच, आम्ही गिऱ्हाईक नव्हे हे ओळखून, तोंड दुसरीकडे वळवले.

मिरचीवाल्या एका वृद्ध बाईने मात्र आम्हाला बराच वेळ दिला. किती माणसांना किती लागते याचा तिचा हिशेब पक्का होता. घरातली तोंडे मोजायची आणि वर दोन तोंडे धरायची. ही दोन तोंडे कोणाची, असे आम्ही विचारले. पावसात मजुराला काम नसते, रापणकाराची होडी कोरड्यावर असते, त्यांची चूल आषाढात आधी थंड पडते. ती माणसे पोडी घेऊन तांदूळ मागायला येणारच, आणि भात कापले की परत करणारच. न आली तर काय, असे विचारताच ती हसली. "येतात, बाबा. भूक वाट चुकत नाही."

त्याच दिवशी दुपारी बार्देशातील एका घरात आम्हाला पुरुमेंताची खोली पाहावयास मिळाली. स्वयंपाकघराला लागून असलेली, जाड भिंतींची, एका लहान झरोक्याची ही खोली. कोपऱ्यात शेणाने सारवलेली भाताची कणग, फळीवर चिनी मातीच्या बरण्या. त्यांत मिठाच्या पाण्यातली तोरे, मिस्कूट, पारा. खाली मातीत लडबडून वाळवलेल्या फणसाच्या आठळ्या. आढ्याला चोरिसाच्या माळा. मागच्या पडवीत नारळाची सोडणे, करवंट्या आणि झापे, म्हणजे चार महिन्यांचे इंधन. अशी खोली जिने भरली त्या गृहिणीच्या डोक्यात केवढे गणित असले पाहिजे, याची कल्पना शहरातल्या शिकलेल्या माणसाला येणे कठीण.

पण ही खोली नऊ माणसांसाठी बांधलेली होती आणि घरात आता दोघेच आहेत. एक मुलगा आखातात, एक इंग्लंडात स्विंडनला, मुलगी मुंबईत. कणगीत दोन पोती तांदूळ होते, तेही दुकानातले. घरचे शेत सात वर्षांपासून पडीक आहे. म्हातारे बाब म्हणाले, खोली रिकामी ठेवायला जीव धजत नाही म्हणून भरतो. अर्धे वाटून टाकतो. कोणाला वाटता, असे विचारता त्यांनी शेजारच्या, बांधकामावर काम करणाऱ्या परप्रांतीय मजुरांच्या खोपटांकडे बोट दाखवले.

ज्यांना 'स्वावलंबी खेडे' हा शब्द फार प्रिय आहे त्यांनी या घराचा जमाखर्च बारकाईने पाहावा. हे खेडे पूर्वीही सर्वस्वी आपल्या बळावर उभे नव्हते. गोव्याला आपल्या शेतातील तांदूळ विसाव्या शतकात कधी पुरला नाही. बोटीवरचा खलाशी, मुंबईच्या कुडीत राहणारा आचारी, आफ्रिकेतला कारकून यांनी पाठवलेल्या पैशांवर पुरुमेंताच्या कितीतरी बरण्या भरल्या गेल्या. यात कमीपणा नाही. पण सत्य सांगावे.

दुसऱ्या दिवशी आम्ही जुने गोवे येथून फेरीबोटीने दिवाड बेटावर गेलो. पिएदादीच्या टेकडीवरील चर्चपासून खाली पाहिले म्हणजे खाजन जमिनीचा पट दिसतो. गोव्यात अशी जमीन सुमारे अठरा हजार हेक्टर आहे. भरतीच्या वेळी ही जमीन नदीच्या पातळीच्या खाली असते. खारफुटीच्या चिखलातून बांध घालून माणसांनी ती मिळवली, पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी शतके आधी. बांधात ठिकठिकाणी मानस असते. मानस म्हणजे दगडी बांधणीतील लाकडी दारे, पण ही दारे उघडायला माणूस लागत नाही. भरतीचे पाणी बाहेरून दाबते तेव्हा ती मिटतात आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर पडू लागले की उघडतात. आतल्या बाजूला पोय नावाचा ओहोळ असतो. पावसाचे पाणी त्यातून वाहून जाते, मासळी त्यात वाढते, आणि मानसीच्या तोंडाशी जाळे लावण्याचा हक्क दरवर्षी लिलावाने दिला जातो. उन्हाळ्यात काही ठिकाणी खारे पाणी आत घेऊन मीठ पिकवावे. पहिल्या पावसाने खार धुऊन निघाली की कोरगुट नावाचे खार सोसणारे भात पेरावे. एकाच जमिनीतून भात, मासळी आणि मीठ.

हे सारे पाहताना आमच्या मनात आले की येथे एकटा माणूस कितीही शहाणा असला तरी काही कामाचा नाही. बांधाला एक भोक पडले, खेकड्याने पोखरले, आणि शेजाऱ्याने दुर्लक्ष केले, तर एका अमावास्येच्या भरतीत शंभर शेते खारी होतात. तुमच्या कणगीत कितीही भात असो, तुमचे जगणे शेजाऱ्याच्या बांधावर अवलंबून.

हे बांध राखण्याचे काम गावकरीचे होते. गावाची जमीन गावाची, ती काही वर्षांच्या बोलीने कसायला द्यायची, आलेल्या उत्पन्नातून बांध, वाटा, देवस्थाने व नोकरचाकर यांचा खर्च चालवायचा आणि उरेल ते गावकारांत वाटायचे, अशी ही संस्था. १५२६ साली अफोंसो मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने तिच्या रिती 'फोराल' नावाच्या सनदेत नोंदवून घेतल्या. म्हणजे त्या तेव्हाच जुन्या होत्या. पुढे धर्मांतराच्या काळात देवळांच्या जमिनींचे उत्पन्न चर्चकडे वळवण्यात आले. हा इतिहास आपण ख्रिस्ती लोकांनी विसरू नये, कारण ज्यांची देवळे गेली ते तो विसरलेले नाहीत. आज कोमुनिदाद या नावाने अशा २२३ संस्था कागदावर तरी आहेत.

तिचे गोडवे गाणाऱ्यांनी दुसरी बाजूही सांगावी. वाटा मिळे तो गावकारांच्या पुरुष वारसांना. ज्या कुणबी-गावड्यांनी चिखलात उभे राहून बांध घातला, ज्या मुंडकाराची खोपटी दुसऱ्याच्या भाटात होती, आणि ज्या स्त्रिया आयुष्यभर लावणी करीत राहिल्या, त्यांना त्या वाट्यात स्थान नव्हते. म्हणून १९६४ चा कूळ कायदा आला, १९७५ चा मुंडकार कायदा आला, आणि १९७६ च्या दुरुस्तीने कसणारा कूळ जमिनीचा मालक मानला गेला. हे न्यायाचेच झाले. 'रेरुम नोव्हारुम' या १८९१ च्या विश्वपत्रात पोप तेरावे लिओ यांनी कष्टकऱ्याजवळ स्वतःची मालमत्ता असावी असा जो आग्रह धरला तो या कायद्यांच्या विरुद्ध जात नाही. परंतु जमीन एकेकाची झाली आणि बांध कोणाचाच उरला नाही. कुळांच्या संघांवर ती जबाबदारी कायद्याने टाकली. बऱ्याच ठिकाणी ती कागदावर राहिली. गावकार म्हणाला, जमीन गेली, आता मला काय. कूळ म्हणाला, दगडमाती सरकारने टाकावी. सरकार पावसाळ्यानंतर पाहणीला आले. काही ठिकाणी कोळंबीच्या लोभाने बांध मुद्दाम फोडले गेले, असे गावोगाव ऐकू येते. जेथे भात होते तेथे आता खारफुटी माजली आहे, आणि ज्यांना जमीन विकायची आहे त्यांना ती पडीक असणेच सोयीचे.

आमचे मत विचाराल तर दोष एकट्या सरकारचा नाही. १९३१ च्या 'क्वाद्राजेसिमो आन्नो' या विश्वपत्रात पोप अकरावे पायस यांनी सांगितले की जे काम लहान समूहाला करता येते ते मोठ्या सत्तेने हिसकावून घेऊ नये. हे वचन आपण सरकारला ऐकवतो. पण लहान समूहाने ते काम करायलाच हवे, हा त्याचा दुसरा भाग आपण गाळतो. निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला रस्त्याबद्दल विचारणारे पुष्कळ भेटले; बांधाबद्दल विचारणारा आम्हाला त्या प्रवासात एकच भेटला, आणि तो शिक्षक होता, शेतकरी नव्हे.

राजकारण घरच्या ताटापर्यंत कसे येते याचा धडा गोव्याला व सीमाभागाला १९५५ साली मिळाला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला, त्यात अनेक जण हुतात्मे झाले, आणि त्यानंतर भारत सरकारने गोव्याची नाकेबंदी कडक केली. कॅसलरॉकमार्गे जाणारी रेल्वे थांबली. १९५३ सालीच बेळगावचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले होते, तरी नातीगोती घाटाच्या दोन्ही अंगांना होती. एका बहिणीचा सण दुसरीला कळेनासा झाला. वेढ्यात पडलेला गोवा त्या वर्षांत पुरुमेंतावर जगला, असे काहीजण अभिमानाने सांगतात. ते अर्धेच खरे. लोखंडाच्या खनिजाचा पैसा होता, म्हणून बटाटे हॉलंडहून, चहा सिलोनहून, तांदूळ पाकिस्तानातून आणि सिमेंट जपानहून बोटीने येत होते. ज्याच्या हाती पैसा नव्हता तो मात्र खरोखर बरणीवर जगला. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि घाटाची वाट पुन्हा मोकळी झाली.

मग २०२० चा मार्च आला. टाळेबंदीच्या पहिल्या काही दिवसांत गोव्यात किराण्याची दुकानेही बंद राहिली आणि घाटातून येणाऱ्या भाजीच्या गाड्या अडल्या. इकडे आपल्या शेतात कोबी सडत होता व तिकडे शहरातील सदनिकांत लोक डाळीचे दाणे मोजत होते. मार्च हा पुरुमेंताचा महिना नव्हे; बरण्या तेव्हा तळाला गेलेल्या असतात. तरी ज्या घरांत अजून कणग होती, परसात केळ, शेवगा आणि विहीर होती, त्यांनी भिंतीवरून शेजाऱ्याला हात दिला. तेव्हा साठवणे हे मूर्खपणाचे आहे, असे आम्ही म्हणणार नाही. ते शहाणपणाचेच आहे.

योसेफाने मिसर देशात सुकाळाच्या सात वर्षांत धान्य राखले म्हणून दुष्काळात केवळ मिसरीच नव्हे तर त्याला विकणारे भाऊही जगले. दुसरीकडे, संत लूकच्या शुभवर्तमानात ज्या धनवानाने मोठी कोठारे बांधण्याचा बेत केला त्याला प्रभूने मूर्ख ठरवले. धान्य दोघांनीही साठवले. योसेफाच्या हिशेबात सारा देश होता. धनवानाच्या हिशेबात त्याच्या स्वतःच्या जिवाशिवाय कोणीही नव्हते. दहा कुमारींच्या दाखल्यात शहाण्या कुमारींनी आपले तेल दिले नाही, हा आक्षेप तरुणांनी आम्हाला घातला होता. आक्षेप चांगला आहे. संत अगुस्तीन या तेलाचा अर्थ प्रीती असा लावतात, आणि प्रीती ही ऐनवेळी उसनी मिळत नाही. तिची बेगमी ज्याची त्याने आधी करायची असते. तांदळाचे तसे नाही. चौथ्या शतकात, ३६८ च्या सुमारास, कप्पदोकियात दुष्काळ पडला तेव्हा संत बाझील यांनी श्रीमंतांना कोठारे उघडायला लावली व स्वतः भुकेल्यांना वाढले. घरात पडून राहिलेली भाकरी भुकेल्याची आहे, असे ते उघडपणे सांगत.

अमेरिकेतील प्रेपरांची मते या कसोटीला लावून पाहावी. २०११ साली जेम्स वेस्ली रॉल्स या लेखकाने आयडाहो, मोंटाना, वायोमिंग आणि शेजारच्या वॉशिंग्टन व ऑरेगन राज्यांचा पूर्व भाग येथे धर्मनिष्ठ लोकांनी जाऊन वसावे, असे सुचवले. तेथे जाणाऱ्यांचे काही गुण घेण्यासारखे आहेत : कर्जाचा तिटकारा, हाताने काम करण्याची हौस, मुलांना बी-बियाणे व जनावरे यांची ओळख. पण या विचारात कोठाराशेजारी बंदूक हवी, कारण भुकेला शेजारी हा चोर होऊन येणार असे गृहीत धरलेले असते. म्हापशाच्या मिरचीवालीनेही शेजारी येणार असे गृहीत धरले होते. तिने त्याच्यासाठी दोन तोंडांचे अधिक मोजले. शेवटच्या दिवसाची तारीख सांगणाऱ्यांबद्दल तर काही लिहीत नाही. तो दिवस व ती घटका कोणालाही ठाऊक नाही, असे प्रभूने स्वतःच सांगून ठेवले आहे.

त्याच अमेरिकेत एका काथोलिक धर्मगुरूने वेगळा प्रयोग केला, तो आमच्या लोकांना ठाऊक असावा. आयोवा राज्यातील ग्रेंजर गावी फादर लुइजी लिगुत्ती यांच्या धर्मग्रामात कोळशाच्या खाणीतील मजूर होते. इटालियन व क्रोएशियन कुटुंबे ती. खाण वर्षातले काही महिनेच चाले. १९३३ नंतर सरकारने मंदीवर उपाय म्हणून घर व थोडी जमीन देण्याची योजना काढली तेव्हा फादरांनी ती आपल्या गावी आणली. १९३५ च्या अखेरीस पन्नास घरे उभी राहिली. प्रत्येकाला काही एकर, त्यात भाजी, कोंबड्या, एखादी गाय. खाणीचे काम चालूच. पैसा उसना, हप्त्याने फेडायचा. राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट १९३६ साली ती वसाहत पाहून गेल्या. हेच फादर पुढे रोममधील जागतिक अन्न व कृषी संघटनेत पवित्र धर्मासनाचे निरीक्षक झाले. एकटे घर डोंगरात नेण्यापेक्षा पन्नास घरे एका चर्चच्या घंटेच्या टप्प्यात बसवणे त्यांना पसंत पडले, आणि आम्हालाही ते अधिक पटते.

गोव्यातही असे काही चालू आहे. केपे तालुक्यात सुलकर्णे येथे सालेशियन धर्मगुरूंनी २०१५ साली कृषी महाविद्यालय सुरू केले. पाद्री होण्यापेक्षा शेतकरी होणे ही काही खालची पायरी नव्हे, हे तेथे मुलांना कृतीने शिकवले जाते. २०१५ सालच्याच 'लाउदातो सी' या विश्वपत्राची पारायणे पुष्कळ झाली. चिखलात पाय घालून केलेले वाचन आम्हाला अधिक टिकाऊ वाटते.

मडगावला पवित्र आत्म्याच्या चर्चसमोर पेंटेकॉस्टच्या सुमारास जे पुरुमेंताचे फेस्त भरते त्याचे वर्णन म्हापशासारखेच, म्हणून लिहीत नाही. फक्त गर्दी अधिक व घासाघीस कमी. तेथून जवळच राशोल, जेथे १६१६ साली फादर थॉमस स्टीफन्स यांचे आपल्या मराठी भाषेतील क्रिस्तपुराण प्रथम छापले गेले. त्याच वाटेवर राय गाव. येथील हिमदेवतेच्या नव्हे, हिमाच्या पवित्र मातेच्या चर्चमध्ये (पहिले नाव आम्ही एका जुन्या प्रवासवर्णनात वाचून खूप हसलो) ५ ऑगस्टला कणसांचे फेस्त होते. धर्मगुरू विळ्याने नवे कणीस कापतात, वेदीवर अर्पण करतात, आणि आशीर्वादित कणसे घरोघर नेऊन देवघरात ठेवली जातात.

आम्ही गेलो तेव्हा मे संपत आला होता व शेते कोरडी होती. एक मध्यमवयीन शेतकरी बांधावर बसून बियाणे पाखडत होता. फेस्तापर्यंत कणीस हवे म्हणून एक तुकडा लवकर पेरावा लागतो, असे त्याने सांगितले. त्याच्या शेताला लागून तीन शेते पडीक होती, गवत कमरेएवढे वाढलेले. त्यांतल्या उंदरांनी मागच्या वर्षी त्याचेही भात खाल्ले. मालक परदेशी असतात. या वर्षी त्याने तिघांनाही फोन केला होता : जमीन तुमचीच राहू द्या, लिहून देतो, मला फक्त पेरू द्या. एकाने होय म्हटले, एकाने भावाला विचारून सांगतो म्हटले. तिसऱ्याने फोन उचलला नव्हता. त्याला तो रविवारी, मिस्सेनंतर, पुन्हा करणार होता.